डाग कळला पाहिजे

हातावर पांढरा डाग दिसला की आज माणूस आधी मोबाइल उघडतो. समोर येते, ‘मेलॅनोसाइट पेशींच्या ऱ्हासामुळे होणारा स्वयंप्रतिकारक विकार’. माहिती बरोबर असते, पण घाबरलेल्या माणसाच्या हाती काहीच लागत नाही.

मजकूर किती सोपा आहे, हे मोजता येते. रुडॉल्फ फ्लेश यांनी १९४८ मध्ये इंग्रजीसाठी एक सूत्र मांडले. लांब वाक्ये आणि लांब शब्द जितके जास्त, तितके वाचन अवघड. रुग्णांसाठीचा मजकूर सहावीच्या मुलाला समजेल असा असावा, अशी अमेरिकन मेडिकल असोसिएशनची शिफारस आहे. मराठीला मात्र हे सूत्र जसेच्या तसे चालत नाही. ‘डॉक्टरांकडूनसुद्धा’ हा शब्द लांब, तरी सोपा. ‘शोथ’ छोटा, तरी अनेकांना अनोळखी.

ओळखीचा शब्दही फसवतो. ‘कोड’ हा शब्द ‘कुष्ठ’वरून आला, म्हणून कित्येक जण दोन्ही आजार एकच समजतात. कोडात त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट होतात. ते स्पर्शाने पसरत नाही. कुष्ठरोग जंतूंमुळे होतो. त्याचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो आणि तिथे बहुधा बधिरपणा येतो. कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो, आणि सरकारी दवाखान्यांत ही औषधे मोफत मिळतात.

म्हणून आरोग्याविषयी लिहिणाऱ्यांनी आजार काय, तो पसरतो का, आणि डॉक्टरांकडे कधी जावे, एवढे तरी साध्या मराठीत सांगावे. आणि वाचकहो, चट्टा बधिर वाटला तर शोधत बसू नका, थेट दवाखाना गाठा.