धंद्यांचें आयुर्मान

घरांतील एखाद्या तरुणानें नोकरीऐवजीं दुकान काढण्याचा मनोदय बोलून दाखविला कीं वडील मंडळींच्या कपाळास आठी पडते. "दहांपैकीं नऊ धंदे बुडतात," असें कोणीतरी निर्वाणीचें सांगतो आणि विषय तेथेंच संपतो. या उद्गारांत सत्य किती व भीति किती, हें आज आम्हीं आंकड्यांच्या साह्यानें पाहण्याचें योजिलें आहे.

अमेरिकेचें सरकारी श्रम-आंकडेवारी खातें दरसाल नव्यानें निघालेल्या धंद्यांपैकीं पुढें किती हयात राहिले, याची मोजदाद करीत असतें. तीवरून असें दिसतें कीं, १०० नव्या धंद्यांपैकीं सुमारें २० पहिल्याच वर्षांत बंद होतात. ५ वर्षांनीं निम्मे उरतात आणि १० वर्षांनीं ३५ च्या आसपास. शिवाय बंद झालेला प्रत्येक धंदा बुडालेलाच असतो असें नाहीं; कोणी तो विकतो, कोणी वयोमानानें आवरता घेतो.

यांतील खरें मर्म पुढेंच आहे. पहिल्या वर्षीं शंभरांत २० जातात; परंतु ५ वर्षें तगलेल्यांपैकीं पुढें दरसाल सरासरीनें ७ च जातात. मनुष्यास वाढत्या वयाबरोबर मृत्यु जवळ येतो. धंद्यास तो दूर जातो. १९५४ सालीं के. एस. लोमॅक्स यांनीं धंद्यांच्या अपयशाचें हें उतरतें प्रमाण गणिती सूत्रांत बसविलें. तें सूत्र आजही त्यांच्याच नांवानें ओळखलें जातें. अर्थात् केवळ वर्षें लोटल्यानें बळ येतें असें नव्हे. दुबळे आरंभींच गळतात, म्हणूनही मागें उरलेले सशक्त दिसतात.

हे आंकडे परक्या देशाचे आहेत. ते आपल्या पेठेंतील दुकानांस जसेच्या तसे लावतां येणार नाहींत. तथापि त्यांतून मिळणारा धडा घरोघर उपयोगी पडेल असें आम्हांस वाटतें. सर्व भांडवल फर्निचरांत व मालांत एकदम गुंतवूं नये. आरंभींचीं अशक्त वर्षें निभावतील एवढी शिल्लक हातीं राखावी. किती रक्कम गेल्यास थांबावयाचें, तें आधींच सर्वांनीं मिळून ठरवावें, आणि घरांतील स्त्रियांचे दागिने त्या हिशेबाबाहेर ठेवावेत. इतकें झाल्यावर मुलास "नाहीं" म्हणण्याऐवजीं "वही दाखव" म्हणावें. बाळाच्या पहिल्या वर्षीं आपण जो जागता पहारा ठेवतों, तोच येथेंही हवा.