मेलेल्या पेशीकडून जिवंत पेशीकडे

1955 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत जॉर्ज पलाडे यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पेशीतले बारीक, गडद कण दाखवून दिले. पुढे त्यांना रायबोसोम हे नाव मिळाले आणि प्रथिने तिथेच घडतात हेही कळले. पण त्या चित्रांतली पेशी मेलेली होती. इलेक्ट्रॉनांच्या झोतापुढे जिवंत पेशी टिकत नाही.

त्यानंतर कित्येक वर्षे पद्धत एकच होती: लाखो पेशी फोडायच्या आणि किरणोत्सारी अमिनो आम्ल प्रथिनांत किती शिरले ते मोजायचे. आकडा हाती येई, पण सरासरीचा. समजा, पेशीने एखाद्या प्रथिनाचे उत्पादन निम्म्यावर आणले. म्हणजे तिने त्या प्रथिनाचा मजकूर रायबोसोमकडे नेणाऱ्या सगळ्या संदेशवाहक आरएनएंचे काम मंद केले, की निम्मे आरएनए पूर्ण गप्प बसवले आणि बाकीचे जोरात चालू ठेवले? सरासरी दोन्हीकडे सारखीच येते. नियमनाचा खरा प्रश्न मात्र नेमका इथेच आहे.

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले वेंकटरामन रामकृष्णन यांना 2009 साली रायबोसोमच्या रचनेसाठी आणखी दोघांसह नोबेल मिळाले. प्रथिने घडवणाऱ्या या यंत्राचा अणूअणू कळला, तरी ते स्फटिकात थिजलेले होते. चालते यंत्र पाहण्याची वाट वेगळीच निघाली. त्याआधीच, 1998 मध्ये, रॉबर्ट सिंगर यांच्या गटाने आरएनएवर विषाणूकडून उसनी घेतलेली वळणे बसवली आणि त्यांना चिकटणाऱ्या चमकत्या प्रथिनाच्या साह्याने जिवंत यीस्टमधला आरएनए हलताना पाहिला.

आरएनए दिसला, पण त्यावर काम चालू आहे का, हे कळत नव्हते. ते कोडे ज्या युक्तीने सुटले, ती मला या साऱ्या इतिहासातली सर्वात सुंदर वाटते. 2014 मध्ये रॉन व्हेल यांच्या प्रयोगशाळेत मार्विन टॅनेनबाउम यांनी सनटॅग तयार केला. प्रथिनाच्या सुरुवातीलाच एका छोट्या तुकड्याच्या 24 प्रती ओवायच्या आणि पेशीत आधीच फिरणारे हिरवे प्रतिपिंड त्यांना चिकटू द्यायचे. प्रथिन पुरे होण्याआधी, रायबोसोममधून बाहेर पडता पडताच ते उजळते. आरएनएला लाल खूण असली, की लाल-हिरवा जोडठिपका म्हणजे काम चालू, नुसता लाल म्हणजे बंद.

2016 मध्ये काही महिन्यांच्या अंतराने चार-पाच प्रयोगशाळांनी प्रथिन घडतानाची ही दृश्ये प्रसिद्ध केली. रायबोसोमचा वेग सेकंदाला साधारण 3 ते 10 अमिनो आम्ले भरला. पण त्याहून मोलाचे होते ते त्या जुन्या प्रश्नाचे उत्तर. एकाच पेशीत, एकाच अनुक्रमाचे दोन आरएनए शेजारी असतात, त्यातला एक धडधडत चालू असतो आणि दुसरा गप्प. काही तर चालू होतात, थांबतात, पुन्हा चालू होतात. सरासरीने हे सगळे झाकून ठेवले होते.

2020 मध्ये जेफ्री चाओ यांच्या बाझेलमधल्या गटाने आणखी एक समजूत मोडली. पेशीवर ताण आला की आरएनए ज्या कणांत गोळा होतात, तिथे प्रथिननिर्मिती थांबते असे मानले जाई. त्या कणांतही ती चालू असलेली दिसली.

एक मर्यादा मात्र विसरू नये. या प्रयोगांतले बहुतेक आरएनए मुद्दाम घडवून पेशीत घातलेले आहेत, आणि 24 तुकड्यांची ती माळ कोणत्याही पेशीच्या स्वतःच्या प्रथिनात नसते.