परसातील नारळ : झाडाला शेंडा एकच, तो कसा जपावा?

घराच्या परसात चार-दोन माड असावेत, असे कोकणात प्रत्येकाला वाटते. आता देशावरही अंगणात, बंगल्याच्या कुंपणालगत हौसेने नारळ लावले जातात. रोप लावले, दोन वर्षे पाणी घातले की पुढे माड स्वतःचे बघून घेतो, असा अनेकांचा समज असतो. मग सहा-सात वर्षे वाट पाहिलेले झाड ऐन पोय येण्याच्या सुमारास शेंड्यातून वाळते आणि काय झाले ते कळेपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळात रायगड आणि उत्तर रत्नागिरीत नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. त्या जागी अनेकांनी पुन्हा रोपे लावली. ही झाडे आता अशा वयात येत आहेत, की ज्या वयात सोंड्या भुंग्याचा धोका सर्वांत जास्त असतो. म्हणून नारळाची काळजी इतर फळझाडांपेक्षा वेगळी का, हे आधी समजून घेऊ.

नारळ आंब्यासारखा का वागत नाही?

आंब्याची फांदी तुटली तर शेजारून नवी फूट येते. सालीला जखम झाली तर कडेने नवी साल येऊन ती हळूहळू भरते. नारळात यातले काहीच होत नाही. नारळ, सुपारी, ताड ही गवताच्या, म्हणजे एकदल वर्गातील झाडे आहेत. त्यांच्या खोडात साल आणि लाकूड यांच्यामधला वाढीचा थर नसतो. याचे तीन परिणाम लक्षात ठेवा.

१. खोडावरची जखम कधीच भरून येत नाही. चढण्यासाठी कोयत्याने पाडलेली खाच, दोरीसाठी ठोकलेला खिळा, बुंध्याला आवळलेली तार यांची खूण झाड असेपर्यंत राहते. तिथून पाणी, बुरशी आणि किडी आत जातात.

२. खोड पुढे जाड होत नाही. बुंध्याची जाडी पहिल्या चार-पाच वर्षांतच ठरते. त्या काळात रोपाची उपासमार झाली, तर नंतर कितीही खत घातले तरी बारीक राहिलेला भाग बारीकच राहतो.

३. वाढीचा कोंब एकच असतो. झावळ्यांच्या मधोमध, कोवळ्या सुरळीच्या तळाशी तो लपलेला असतो. सगळी पाने आणि सगळ्या पोयी तिथूनच येतात. कोंब मेला की बाजूने फूट येत नाही, झाड संपते.

थोडक्यात, नारळाच्या बाबतीत चूक सुधारण्याची संधी फार कमी मिळते. पुढची सगळी काळजी याच गोष्टीभोवती आहे.

जागा आणि जात

नारळाला भरपूर ऊन लागते. आंबा-फणसाच्या सावलीत लावलेला माड उंच, किडकिडीत वाढतो आणि फळे कमी देतो. दोन माडांत साडेसात मीटर अंतर ठेवावे. घराच्या भिंतीपासून निदान चार-पाच मीटर लांब लावावे आणि वर विजेच्या तारा नाहीत ना, हे पाहावे. आज गुडघ्याएवढे असलेले रोप उद्या कौलांवर नारळ आणि सुक्या झावळ्या टाकणार आहे. पाणी साचणारी जागा टाळावी.

जात निवडताना उपयोग कोणता, हे ठरवा. खोबरे आणि रोजच्या स्वयंपाकासाठी बाणवली किंवा प्रताप या उंच जाती चांगल्या. त्यांना फळे यायला सहा-सात वर्षे लागतात, पण झाड दीर्घकाळ टिकते. शहाळ्यासाठी चौघाट ऑरेंज डार्फ ही ठेंगणी जात तीन-चार वर्षांत धरते. मात्र तिला पाणी आणि देखभाल जास्त लागते. संकरित जाती या दोन्हींच्या मधल्या आहेत.

देशावर, जिथे आसपास दुसरा माड नाही, तिथे आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी. उंच जातीत एकाच पोयीतील नर फुले आधी उमलून संपतात आणि मादी फुले नंतर तयार होतात. त्यामुळे एकट्या झाडाला फळधारणा कमी होऊ शकते. अशा ठिकाणी दोन-तीन झाडे लावावीत, किंवा स्वपरागीभवन होणारी ठेंगणी जात निवडावी.

रोप खात्रीच्या रोपवाटिकेतूनच घ्यावे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे नारळ संशोधन केंद्र रत्नागिरीजवळ भाट्ये येथे आहे. रोप ९ ते १२ महिन्यांचे, पाच-सहा पानांचे आणि जाड बुंध्याचे असावे. उंच पण बारीक बुंध्याचे रोप घेऊ नये.

लागवड

उन्हाळ्यात १ × १ × १ मीटरचा खड्डा खोदून चांगली माती आणि कुजलेले शेणखत यांनी भरावा. पाणी साचत नसेल तिथे पावसाळ्याच्या सुरुवातीला लागवड करावी. नारळ मातीने जेमतेम झाकला जाईल इतकेच रोप पुरावे. कोंबाचा भाग मातीखाली जाऊ देऊ नये. जोराच्या पावसात पानांच्या बेचक्यात माती साचते, ती अधूनमधून काढावी. रोपाला काठीचा आधार द्यावा आणि पहिल्या उन्हाळ्यात झावळ्यांची सावली करावी.

पाणी आणि खत

नारळाला सोटमूळ नसते. बुंध्यापासून दोरीसारखी असंख्य मुळे निघतात आणि कामाची बहुतेक मुळे बुंध्याभोवती दोन मीटरच्या आत असतात. म्हणून मोठ्या झाडाचे आळे सुमारे १.८ मीटर त्रिज्येचे ठेवावे आणि खत बुंध्याला चिकटून न टाकता आळ्यात पसरून मातीत मिसळावे. ठिबक असेल तर मोठ्या झाडाला उन्हाळ्यात दिवसाला ३० ते ४० लिटर पाणी द्यावे. आळ्यात सुक्या झावळ्यांचे किंवा सोडणांचे आच्छादन केल्यास ओल टिकते.

पाच वर्षांवरील प्रत्येक झाडाला वर्षाला ५० किलो शेणखत, २.२५ किलो युरिया, ३ किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि २ किलो म्युरेट ऑफ पोटॅश द्यावे. पहिल्या वर्षी याचा पाचवा भाग, दुसऱ्या वर्षी दोन पंचमांश, असे वाढवत पाचव्या वर्षी पूर्ण मात्रेवर यावे. शेणखत पावसाळ्याच्या सुरुवातीला द्यावे. रासायनिक खते एकदम न देता जून, ऑक्टोबर आणि फेब्रुवारी अशी तीन हप्त्यांत द्यावीत. खत देताना जमिनीत ओल हवी.

परसातल्या माडाला बहुधा पोटॅश मिळतच नाही. सर्वांत खालच्या झावळ्या टोकाकडून पिवळ्या पडून वाळत आल्या, तर आधी पोटॅशचा विचार करावा. अनेक जण बुंध्यात मीठ घालतात, पण मीठ हे खताला पर्याय नाही. देशावरच्या भारी काळ्या जमिनीत तर ते टाळावेच.

हिरवी झावळी तोडू नका

निरोगी माड वर्षाला साधारण बारा झावळ्या काढतो आणि प्रत्येक झावळीच्या बेचक्यात एक पोय येऊ शकते. म्हणजे झावळी ही नुसते पान नसून पोयीला पोसणारी आणि नारळाच्या घडाला आधार देणारी खाट आहे. ‘माड साफ केला’ म्हणून मांडवासाठी किंवा झाडूच्या हिरांसाठी हिरव्या झावळ्या उतरवल्या, की पुढच्या वर्षाचे नारळच कमी होतात.

पूर्ण वाळलेली, हाताने ओढल्यावर सुटणारी झावळीच काढावी. हिरवी झावळी तोडणे भागच असेल, तर खोडापासून निदान १२० सेंटिमीटर देठ ठेवून तोडावी. खोडालगत तोडल्यास ताज्या कापाच्या वासाने सोंड्या भुंग्याची मादी येते आणि तिथेच अंडी घालते. तिची अळी देठातून खोडात उतरते. देठ लांब ठेवला तर ती खोडापर्यंत सहसा पोहोचत नाही.

शेंड्याचे तीन शत्रू

*गेंड्या भुंगा :* काळा, डोक्यावर शिंग असलेला हा भुंगा न उमललेल्या सुरळीला भोक पाडून आत शिरतो. ती झावळी उघडली की कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी दिसते. लहान रोपाचा कोंब खाल्ला गेला तर रोप मरते. भोकातून चोथा बाहेर आलेला दिसला, तर तारेच्या आकडीने भुंगा ओढून काढावा. त्यानंतर निंबोळी पेंड आणि बारीक वाळू प्रत्येकी २५० ग्रॅम मिसळून शेंड्याजवळच्या दोन-तीन बेचक्यांत भरावी. हेच काम प्रतिबंध म्हणून मे, सप्टेंबर आणि डिसेंबर असे वर्षातून तीनदा करावे. लहान रोपाच्या बेचक्यात तीन-चार डांबरगोळ्या ठेवून वर वाळू टाकावी आणि दर ४५ दिवसांनी त्या बदलाव्यात.

हा भुंगा जन्मतो मात्र जमिनीवर, शेणखताच्या खड्ड्यात आणि कुजणाऱ्या खोडांत. खत उलथताना ‘सी’ आकाराच्या जाड पांढऱ्या अळ्या दिसल्या की वेचून माराव्यात. पडलेले माड वाडीत कुजत ठेवू नयेत. तसे एक खोडही आजूबाजूच्या घरांतील माडांना पुरेसा उपद्रव देते.

*सोंड्या भुंगा :* तांबूस रंगाचा, लांब सोंडेचा हा भुंगा जखमेतून आणि गेंड्या भुंग्याने पाडलेल्या भोकांतून शिरतो. ५ ते २० वर्षांच्या माडांना त्याचा धोका अधिक. अळ्या आतून खोड पोखरतात, म्हणून बाहेरून झाड बराच काळ ठीक दिसते. खोडाच्या भोकातून तपकिरी चिकट द्रव गळणे, चावलेला चोथा बाहेर पडणे, खोडाला कान लावल्यावर कुरतडल्याचा आवाज येणे आणि मधली पाने मलूल होणे ही लक्षणे आहेत. पहिले लक्षण दिसताच कृषी सहायकाला झाड दाखवावे. शेंडा कलंडल्यावर उपाय उरत नाही. तेव्हा झाड तोडून, खोड फोडून जाळावे, म्हणजे शेजारची झाडे वाचतात. शेंड्यात डिझेल किंवा रॉकेल ओतू नये, त्याने कोंबच मरतो.

कृषी सहायकांसाठी एक सूचना. कामगंध सापळा भुंग्यांना त्या जागेकडे ओढतो. एखाद्याने तो आपल्याच माडाला टांगला, तर भुंगे झाडाजवळच गोळा होतात. सापळा झाडापासून लांब लावावा आणि एका परसापुरते न पाहता सगळ्या वाडीने मिळून सापळे लावावेत.

*कोंब कुजणे :* पावसाळ्यात बुरशीजन्य रोगाने मधली सुरळी फिकट पडते, ओढली तर सहज हातात येते आणि तिच्या बुडाला घाण वास येतो. बाहेरच्या झावळ्या तेव्हा हिरव्याच असतात, त्यामुळे घरच्यांचे लक्ष जात नाही. वेळेत लक्षात आल्यास कुजलेला भाग धारदार सुरीने निरोगी भागापर्यंत काढावा, १० टक्के बोर्डो पेस्ट लावावी आणि नवा कोंब दिसेपर्यंत पाणी आत जाणार नाही असे झाकावे. पेस्टसाठी १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम कळीचा चुना अर्धा लिटर पाण्यात वेगवेगळे विरघळवून एकत्र करावे. भांडे प्लास्टिकचे किंवा मातीचे घ्यावे. पावसाळ्यापूर्वी शेंड्यावर १ टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी केल्यास रोग टळतो.

शोभेच्या माडांनाही हाच नियम

रॉयल पाम, फॉक्सटेल पाम, सुपारी यांचाही शेंडा एकच असतो. उंची कमी करायची म्हणून ती वरून छाटता येत नाहीत. अरेका पाममध्ये बुडातून अनेक फुटवे येतात, म्हणून त्यातला एखादा खोड जमिनीलगत काढला तरी चालतो. भेर्ली माडाची गोष्ट आणखी वेगळी. त्याला फुलोरे वरून खाली येत जातात आणि शेवटचा फुलोरा संपला की ते खोड मरते. हा रोग नाही, त्याचे आयुष्यच तेवढे असते.

महिन्यातून एकदा वर पाहा

सकाळच्या उजेडात झाडाखाली उभे राहून पुढील गोष्टी पाहाव्यात :

- मधली सुरळी सरळ आणि ताजी आहे का?
- नवी झावळी अखंड उघडली, की त्रिकोणी कापलेली आहे?
- खोडावर ताजे भोक, चोथा किंवा गळती दिसते का?
- पिवळेपणा खालच्या पानांत आहे की मधल्या? खालच्या पानांत असेल तर बहुधा खताची कमतरता असते, घाई नसते. मधल्या पानांत असेल तर त्याच दिवशी शेंडा तपासावा.

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. जुनी झावळी आज ना उद्या वाळणारच. पण मधली सुरळी मलूल झाली, तर तुमच्या हातात थोडेच दिवस असतात. झाड उंच असेल तर नारळ पाडायला येणाऱ्यालाच शेंडा पाहायला सांगावे आणि खोडावर नव्या खाचा न पाडता शिडीने किंवा चढण्याच्या यंत्राने चढायला लावावे. एवढे केले, तर हौसेने लावलेला माड घरातल्या पुढच्या पिढीलाही नारळ देईल.