धूर कुठून येतो?

संपादकांना जुन्या गाड्यांच्या शौकिनांवर लेख हवा होता. चकचकीत क्रोम, जुलैतल्या दुसऱ्या रविवारी निघणारी जावावाल्यांची फेरी, टाकीवर हात टेकून काढलेले फोटो, असा काहीसा. पण कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका गाळ्यासमोर थांबलो आणि ते सगळं राहूनच गेलं. तिथं एक जुनी येझदी स्टँडवर होती. इंजिन नुकतंच फुल बांधलेलं. बोअर केलेला, पिस्टन-रिंग नवे, क्रँकला नवा रॉड. एवढं करूनही गाडी पांढऱ्या धुराचे लोट सोडत होती. मालक बाकड्यावर कपाळाला हात लावून बसला होता आणि मिस्त्रींच्या चेहऱ्यावर मात्र शोध लागायच्या आधीचा आनंद होता.

"रिंग-पिस्टन बदललं की धूर जातोय म्हणतात लोकं," ते मला म्हणाले. "हितं वरचं कायबी दुखत न्हाई, पाव्हणं. दुखणं पोटात हाय."

या गाडीचा इतिहास बऱ्याच जणांना ठाऊक असतो. चेकोस्लोव्हाकियाच्या जावाच्या परवान्यावर म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यानं 1961 साली गाड्या काढायला सुरुवात केली, 1970च्या दशकात त्यांचं नाव येझदी झालं, 1996 साली कारखाना बंद पडला. 2018 मध्ये जावा हे नाव परत आलं, पण ते इंजिन फोर-स्ट्रोक, पाण्यानं थंड होणारं. जुन्या गाडीत एक सिलिंडर आणि त्याला दोन सायलेन्सर. 65 मिलिमीटरचा बोअर, 75 चा स्ट्रोक, जवळपास 250 सीसी. किक आणि गिअर एकाच दांड्यावर, त्यामुळे मागून नेलेली गाडी सुरू कशी करायची हेच कित्येकांना कळायचं नाही. गिअरचा दांडा दाबला की क्लच आपोआप सुटतो, हातानं ओढायची गरज नाही. हे डोकं ज्यानं लढवलं त्याला सलाम, पण मिस्त्रींचा जीव अडकला होता तो क्रँककेसमध्ये.

या गाडीच्या टू-स्ट्रोक इंजिनाला व्हॉल्व्ह नसतात. पिस्टन वर जाताना खाली क्रँककेसमध्ये पोकळी होते आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल-हवेचं मिश्रण आत ओढलं जातं. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबलं जाऊन बाजूच्या वाटांनी वर सिलिंडरमध्ये चढतं. म्हणजे क्रँककेस ही नुसती पेटी नाही, तो पंप आहे, आणि पंप म्हटला की तो हवाबंद हवा. पंचाईत अशी की क्रँकशाफ्टची दोन्ही टोकं पेटीबाहेर येतात. बाहेर येतात तिथं रबरी ऑइल सील बसवलेलं असतं. तळहातावर मावणारी ती दोन कडी, सगळी मदार त्यांच्यावर.

डाव्या बाजूला क्लच, तिथं गिअर ऑइल. उजव्या बाजूला डायनामो आणि पॉइंट, तिथं कोरडं. डावं सील गळालं की इंजिन गिअर ऑइल ओढून जाळतं. धूर होतो, गिअर ऑइलची पातळी उतरते, घाट उतरताना ॲक्सिलरेटर मिटला की आतली ओढ वाढते आणि पुन्हा पीळ दिला की मागच्या गाडीवाल्याला रस्ता दिसत नाही. उजवं सील गळालं तर धूर नाही की थेंब नाही. नुसती हवा आत जाते. मिश्रण पातळ होतं, रेस चढते ती खाली उतरायला मागत नाही, पिस्टन तापतो आणि एक दिवस भर रस्त्यात इंजिन जाम. मला विचाराल तर धुरावाली गाडी बरी, निदान ओरडून सांगते तरी.

मिस्त्रींनी अंदाजावर काही ठेवलं नाही. दोन्ही सायलेन्सर काढले, पोर्टांना रबरी बुचं मारली, कार्बोरेटरचं तोंड बंद केलं. मग खणातून डॉक्टरांचं रक्तदाबाचं जुनं यंत्र काढलं, काटावालं. त्याची नळी प्लगच्या भोकात बसवलेल्या जोडाला लावली आणि फुगा दाबायला सुरुवात केली. काटा 250 वर नेऊन सोडला. पीएसआयमध्ये मोजलं तर पाचाच्या किंचित खाली. चांगलं बांधलेलं इंजिन एवढा दाब काही मिनिटं सहज धरून ठेवतं. इथं काटा डोळ्यांदेखत घसरत शंभराखाली आला.

आता साबणाचं पाणी. बेस पॅकिंगला बुडबुडा नाही. दोन केसच्या जोडावर नाही. डायनामोच्या सीलवर नाही. क्लचचं झाकण आधीच उतरवलेलं होतं, क्लच आणि प्रायमरी चेनही. डाव्या सीलवर ब्रश फिरवला, तिथंही काही नाही. मालक उठून उभा राहिला, कारण त्या सीलवर त्याचे बरेच पैसे गेले होते. मिस्त्रींनी बॅटरी तिरकी धरली. सीलच्या घराखाली बोटभर अंतरावर, काळ्या पडलेल्या ॲल्युमिनियमवर, मोहरीएवढा एक बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला.

"चेन तुटली हुती कदीतरी," मिस्त्री म्हणाले. तुटलेली प्रायमरी चेन आत गोळा होऊन भिंतीवर बसली असणार, कुणीतरी वरून लेप मारून भेग झाकली असणार. गिअर ऑइलात मुरून तो लेप सुटला होता.

सापडलं म्हणजे सुटलं असं मात्र नाही. केसचा डावा निम्मा भाग नवा आणावा म्हटलं तर दोन्ही निम्मे कारखान्यात जोडीनं घासलेले असतात. एकाचा डावा आणि दुसऱ्याचा उजवा घेतला तर बेअरिंगची घरं एका रेषेत येतीलच असं नाही. आर्गन वेल्डिंग करावं तर एवढी वर्षं तेल प्यालेलं ॲल्युमिनियम तापलं की आतलं तेल वर येतं आणि वेल्डमध्ये भोकं राहतात. तापवा, धुवा, परत तापवा. त्यात बेअरिंगचं घर वाकलं तर लेथवर नवं बुश घालून पुन्हा बोअर करावं लागणार, आणि असं काम अंगावर घेणारे लेथवाले उद्यमनगरातसुद्धा कमी उरलेत. बाजारात मिळणारी सीलं दिसायला सारखी, पण काहींची ओठाची स्प्रिंग इतकी ढिली की शाफ्टला धरतच नाही. मिस्त्री प्रत्येक सील शाफ्टवर चढवून बोटानं फिरवून बघतात आणि बरीचशी दुकानात परत पाठवतात.

वर पेट्रोलचा घोळ. आता त्यात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं, जुन्या रबराला मानवत नाही, आणि जुन्या जेटवर मिश्रण आणखी पातळ करतं. आठवडेच्या आठवडे उभ्या असलेल्या गाडीत पाणी टाकीच्या तळाशी बसतं, क्रँकच्या बेअरिंगला गंज धरतो. याच जिल्ह्यातले साखर कारखाने इथेनॉल काढतात, त्यामुळे इथं त्याविरुद्ध बोलायचं तर आवाज जरा खालीच ठेवावा लागतो. मिस्त्रींचा उपाय साधा आहे. उभी करायची तर टाकी रिकामी करून करा, आणि जेट एक नंबर मोठा घाला.

मालकानं खर्च विचारला. मिस्त्रींनी आकडा सांगितला नाही. वेल्डिंग धरलं तर एवढं, नाही धरलं तर केसची जोडीच शोधायची, आणि जोडी मिळाली तर चेसिसच्या कागदांवरचा इंजिन नंबर बदलणार, मग आरटीओचे हेलपाटे. मालकानं विचार करून कळवतो म्हटलं. मिस्त्रींनी तोवर क्रँक उतरवायला घेतला, कारण वेल्डिंग करा नाहीतर जोडी आणा, केस मोकळी करावी लागणारच होती.