गुरे आणि शेणकिडे

शेतकऱ्याच्या घरी शेण वाया जात नाही. गोठ्यातील शेण पहाटेच उचलले जाते. त्यातील काही खताच्या खड्ड्यात पडते, काहींच्या गोवऱ्या थापल्या जातात, तर काही अंगण सारवण्याच्या कामी येते. परंतु माळावर चरताना गुरे जे शेण टाकतात, ते सारेच काही कोणी गोळा करीत नाही. तरीही पावसाळ्याच्या दिवसांत शेणाचा एखादा पो आज पाहिला, तर दोन-तीन दिवसांनी त्या जागी थोडासा भुसा तेवढा उरलेला आढळतो. मग ते शेण जाते कोठे?

असा एखादा ताजा पो काठीने हळूच उलटून पाहिला, म्हणजे या प्रश्नाचे उत्तर मिळते. खालच्या मातीत लहान लहान भोके पडलेली असतात व त्यांतून काळे, तपकिरी भुंगेरे लगबगीने ये-जा करीत असतात. हेच शेणकिडे होत. काही शेणकिडे शेणाची गोळी करून ती मागच्या पायांनी ढकलीत दूर नेतात. काही पोच्या खालीच बोगदा खणून शेण आत ओढून नेतात. तर काही शेणातच राहून आपला संसार थाटतात. बोगदे खणणाऱ्या जातींतील मादी जमिनीखाली शेणाचे गोळे रचते व प्रत्येक गोळ्यात एक एक अंडे घालते. अंड्यातून बाहेर पडलेल्या अळीला आपले अन्न शोधण्यासाठी कोठेही जावे लागत नाही. ती तोच गोळा आतून खात वाढते व पुढे भुंगेरा होऊन जमिनीबाहेर येते.

शेणकिडा हे सारे आपल्या पिलांसाठी करतो. परंतु त्याचा लाभ जमिनीला होतो. शेण उन्हात उघडे पडून राहिले, तर पिकांना पोषक असा नायट्रोजन त्यातून अमोनिया वायूच्या रूपाने हवेत उडून जातो. तेच शेण वेळीच मातीत गेले, तर हे पोषण मुळांच्या जवळ पोहोचते. शिवाय किड्यांनी खणलेल्या बोगद्यांमुळे घट्ट जमीन भुसभुशीत होते, तिच्यात हवा खेळते आणि पावसाचे पाणी वाहून न जाता खोलवर मुरते. गांडुळांनाही अशी जमीन मानवते. नांगर, खत आणि पाणी या तिन्ही गोष्टींची थोडी थोडी सोय हा एवढासा जीव करून ठेवतो.

हा जीव जर नसता, तर काय झाले असते? या प्रश्नाचे उत्तर केवळ कल्पनेने देण्याचे कारण नाही. असे प्रत्यक्षात घडलेला एक देश आहे. तो देश म्हणजे ऑस्ट्रेलिया.

ऑस्ट्रेलियात पूर्वी गाय-बैल मुळीच नव्हते. 1788 साली इंग्रजांची पहिली वसाहत तेथे झाली. त्या वेळी आलेल्या जहाजांवर थोडी गुरे होती आणि ती वाटेत आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळील केप येथे घेतलेली होती. पुढे ही संख्या झपाट्याने वाढत गेली. 1960 च्या सुमारास त्या देशातील गुरांची संख्या दीड कोटीहून अधिक झाली होती. मांस, दूध व चामडे यांच्या व्यापारामुळे देश संपन्न झाला. गुरे आली, परंतु त्यांच्यामागून साफसफाई करणारे शेणकिडे मात्र समुद्रापलीकडेच राहिले.

याचा अर्थ ऑस्ट्रेलियात शेणकिडे नव्हते, असा मात्र नाही. त्यांच्या शेकडो जाती तेथे होत्या व आजही आहेत. पण लक्षावधी वर्षे त्यांनी कांगारूसारख्या प्राण्यांच्या लेंड्यांवर उपजीविका केली होती. या लेंड्या आकाराने लहान, कोरड्या व तंतुमय असतात. गाईच्या शेणाचा पसरट, ओला पो हा त्यांपैकी बहुतेकांना परका पदार्थ होता. त्यामुळे उघड्या कुरणातील शेणाकडे त्यांनी पाठ फिरवली.

एक गाय दिवसाला साधारणपणे दहा-बारा वेळा शेण टाकते. दीड कोटी गुरांचा हिशेब केला, तर दररोज निदान पंधरा कोटी पो जमिनीवर पडत होते! कोरड्या हवेत ते वाळून दगडासारखे कठीण होत आणि महिनोन्‌महिने तसेच राहत. त्यांच्याखालचे गवत मरून जाई. भोवतालचे गवत उंच वाढे, पण त्याला गुरे तोंड लावीत नसत. अशा रीतीने दरवर्षी विस्तीर्ण कुरण निकामी होऊ लागले. शेण होते, पण ते खत होत नव्हते. जमिनीतून गवताच्या रूपाने वर आलेले सत्त्व पुन्हा जमिनीत परतण्याची वाटच जणू बंद झाली होती.

दुसरे संकट माश्यांचे होते. न हललेल्या शेणात माश्या अंडी घालीत व एकेका पोमधून शेकडो माश्या बाहेर पडत. काही माश्या गुरांचे रक्त शोषून त्यांना हैराण करीत, तर काही माणसांच्या डोळ्यांभोवती व तोंडाभोवती घोंघावत. तोंडावरच्या माश्या सतत हाताने वारण्याच्या सवयीला लोक थट्टेने ‘ऑस्ट्रेलियन सलाम’ म्हणत असत.

1950 च्या अखेरीस जॉर्ज बोर्नेमिस्सा नावाचे एक तरुण कीटकशास्त्रज्ञ ऑस्ट्रेलियात आले. त्यांचा जन्म 1924 साली हंगेरी देशात झाला होता. पश्चिम ऑस्ट्रेलियातील कुरणांत फिरताना जिकडेतिकडे वाळलेले पो पाहून त्यांना नवल वाटले. त्यांच्या मायदेशीही गाई कुरणात चरत असत. पण तेथे असे दृश्य दिसत नसे. तेथील लोकांना हे दृश्य रोजचेच असल्याने त्यात कोणाला काही वावगे वाटले नव्हते. बोर्नेमिस्सा यांना मात्र, येथे जे दिसत आहे त्यापेक्षा जे दिसत नाही तेच महत्त्वाचे आहे, हे उमगले. दिसत नव्हते ते शेणकिडे. गुरांच्या शेणावर जगणारे शेणकिडे परदेशांतून येथे आणले पाहिजेत, असे त्यांनी सुचविले.

ही सूचना ऐकावयास सोपी, पण अमलात आणावयास धोक्याची होती. परका जीव आणून सोडल्याचे कडू फळ ऑस्ट्रेलियाने पूर्वी चाखले होते. 1859 साली शिकारीच्या हौसेसाठी थोडे ससे सोडण्यात आले. त्यांची संख्या इतकी बेसुमार वाढली की, त्यांनी पिके व कुरणे फस्त केली. 1935 साली उसावरील किडींचा नाश करण्यासाठी एक परदेशी भेक आणण्यात आला. त्याने किडींचा नाश तर केला नाहीच, उलट स्वतःच तो विषारी प्राणी दूरवर पसरला. शेणकिडेही असेच उलटले तर? शिवाय, परदेशी शेणाबरोबर लाळ्या-खुरकुतासारखा रोग देशात शिरला, तर सारी गुरेच संकटात सापडली असती.

म्हणून हे काम अतिशय सावधपणे हाती घेण्यात आले. सी. एस. आय. आर. ओ. या ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संशोधनसंस्थेने 1965 च्या सुमारास शेणकिड्यांची योजना सुरू केली. शेणाखेरीज इतर कशालाही न शिवणाऱ्या जाती तेवढ्या निवडण्यात आल्या. ज्या भागात किडे सोडावयाचे, तेथील ऊन-पाऊस त्यांना मानवेल किंवा नाही, हेही पाहण्यात आले. उन्हाळ्यात पाऊस पडणाऱ्या उत्तरेकडील प्रदेशासाठी मुख्यतः आफ्रिकेतील जाती घेण्यात आल्या, तर हिवाळ्यात पाऊस पडणाऱ्या दक्षिणेसाठी भूमध्य समुद्राकाठच्या जातींचा शोध घेण्यात आला.

दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया येथे यासाठी एक केंद्र उघडण्यात आले. तेथून जिवंत किडे नव्हे, तर त्यांची अंडी धाडली जात. प्रत्येक अंडे जंतुनाशक द्रवात धुऊन विमानाने कॅनबेरा येथे पाठविण्यात येई. तेथे संशोधक स्वतःच्या हातांनी शेणाचे गोळे वळीत आणि एकेका गोळ्यात एकेक अंडे ठेवीत. जे काम मादी भुंगेरी करते, तेच येथे माणसांना करावे लागले! या अंड्यांतून जन्मलेली निरोगी प्रजा वाढवून मगच ती कुरणात सोडण्यात येई.

1967-68 या वर्षांत क्वीन्सलंड प्रांतात पहिले किडे सोडण्यात आले. या पहिल्या जाती हवाई बेटांवरून आणलेल्या होत्या. कुरणांप्रमाणे प्रयोगशाळेतही परीक्षा चालू होती. 1970 साली बोर्नेमिस्सा व त्यांचे एक सहकारी यांनी केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. शेणकिड्यांनी शेण मातीत पुरले असता त्या मातीतील रोपांची वाढ अधिक जोमाने होते, असे त्यांना आढळून आले.

सुमारे वीस वर्षे हे कार्य चालले. या काळात 43 जातींचे शेणकिडे सोडण्यात आले. त्यांपैकी 23 जाती तेथे रुजल्या. जेथे त्यांची वस्ती दाट झाली, तेथे दगडासारखे होऊन पडून राहणारे पो एक-दोन दिवसांत मातीत जाऊ लागले. गवत सुधारले आणि अनेक ठिकाणी माश्यांचा उपद्रव कमी झाला. 1788 साली केपहून आलेल्या गुरांच्या वंशजांना, त्यांच्या मागे राहिलेले सोबती सुमारे 180 वर्षांनी पुन्हा भेटले, असे म्हणावयास हरकत नाही. बोर्नेमिस्सा यांनी हे यश आपल्या डोळ्यांनी पाहिले. 2014 साली त्यांचे निधन झाले.

तथापि, सर्वच माश्या नाहीशा झाल्या नाहीत आणि 20 जाती नव्या भूमीत टिकल्याही नाहीत. वर्षातील काही महिने शेण पुरणारे कोणीच नसे. त्यासाठी 2012 नंतर दक्षिण युरोपातून वसंत ऋतूत काम करणाऱ्या आणखी जाती आणाव्या लागल्या. आता एक नवीनच अडचण संशोधकांच्या ध्यानात आली आहे. गुरांच्या पोटातील जंत मारण्यासाठी दिलेल्या काही औषधांचा अंश शेणात उतरतो. असे शेण खाऊन शेणकिड्यांच्या अळ्या मरतात. म्हणून ही औषधे गरज असेल तेव्हाच व योग्य हंगामात द्यावीत, असे तज्ज्ञ सांगतात. गाईचे औषध गाईपुरतेच राहत नाही. ते मातीपर्यंत पोहोचते.

गाय गवत खाते, गवत मातीतून वर येते आणि मातीला तिचे देणे शेणाच्या रूपाने परत मिळते. या साखळीतील गाय सर्वांना दिसते, गवत दिसते, मातीही दिसते. बोटाच्या पेराहूनही लहान असा शेणकिडा मात्र सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. पण तेवढी एक कडी नव्हती, म्हणून एका खंडाएवढ्या देशाची कुरणे नासू लागली होती. ती कडी पुन्हा जोडण्यासाठी अनेक माणसांना कित्येक वर्षे झटावे लागले. आपल्याकडील माळांवर हेच काम शेणकिडे आजही न बोलावता, न सांगता करीत आहेत. वाटेत शेणाची गोळी ढकलीत चाललेला एखादा शेणकिडा दिसला, तर त्याला पायाखाली न चिरडता त्याची वाट मोकळी सोडावी. तो मातीचे देणे फेडावयास निघालेला असतो.