तारण, स्वेच्छा आणि टिळकांची ख्रिस्तभक्ती

खर्डा हे नाव मराठी वाचकाला १७९५ च्या लढाईमुळे परिचित आहे. त्याच जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेल्या अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे कार्य सुरू झाले आणि पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांचे वाङ्मयीन कर्तृत्व याच केंद्राभोवती बहरले. टिळकांची ख्रिस्ती कविता शिकवताना एक प्रश्न हमखास पुढे येतो: एकदा लाभलेले तारण माणूस गमावू शकतो काय? आणि गमावू शकत नसेल, तर त्याच्या स्वेच्छेला अर्थ कोणता उरतो? प्रस्तुत लेखात या प्रश्नाची तात्त्विक बाजू थोडक्यात मांडून टिळकांच्या भक्तिपरिभाषेत त्याला कोणते वळण मिळाले, ते पाहावयाचे आहे.

ख्रिस्ती परंपरेत या प्रश्नाचे एकच एक उत्तर नाही. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५४७ मध्ये असे ठरविले की, ईश्वरी कृपेने प्रेरित झालेली मानवी इच्छा त्या कृपेला संमती देते वा ती नाकारते. मिळालेली कृपा घोर पापामुळे नष्ट होते आणि प्रायश्चित्तसंस्काराने पुन्हा लाभते. १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध करणारे फादर स्टीफन्स याच कॅथलिक परंपरेतील जेझुइट होत. याउलट डोर्ट येथील १६१८-१९ च्या धर्मसभेने कॅल्व्हिनचे अनुसरण करून निर्णय दिला की, ईश्वराने निवडलेले अखेरपर्यंत टिकतात, कारण त्यांना टिकविणारा ईश्वरच असतो. लक्षणीय गोष्ट अशी की, आर्मिनियसच्या अनुयायांनी १६१० च्या आपल्या निवेदनात हा प्रश्न अनिर्णितच ठेवला होता. नव्या करारातही दोन्ही पक्षांना आधार सापडतो. आपल्या मेंढरांना कोणी हिसकावून घेणार नाही, असे आश्वासन योहानाच्या दहाव्या अध्यायात आहे. तर इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पतित झालेल्यांविषयी कडक इशारा आहे.

हा वाद मराठी अभ्यासकाला सर्वस्वी परका वाटू नये. दक्षिणेतील श्रीवैष्णव संप्रदायात मार्जारकिशोरन्याय व मर्कटकिशोरन्याय असे दोन पक्ष आहेत. मांजरीचे पिल्लू काही करीत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. माकडाच्या पिलाला मात्र आईच्या पोटाला स्वतः बिलगावे लागते. पहिल्या पक्षात सुरक्षितता आहे, पण पिलाच्या इच्छेला वाव नाही. दुसऱ्यात इच्छेला वाव आहे, पण हात सुटण्याचे भयही आहे. डोर्ट आणि ट्रेंट यांतील अंतर पुष्कळसे असेच आहे, एवढे मात्र ध्यानात ठेवावे की कॅथलिक मतातही पुढाकार कृपेचाच असतो.

‘तारण’ हा मराठी शब्दही येथे विचारात घेण्याजोगा आहे. तरून जाणे, वाचणे हा त्याचा एक अर्थ. कर्जासाठी ठेवलेली हमी हा दुसरा. दोन्ही अर्थांत प्रश्न एकच उरतो: तारण कोणाच्या हाती आहे? माणसाच्या हाती असेल तर ते निसटू शकते. ईश्वराच्या हाती असेल तर निसटणार नाही. मात्र या मांडणीत तारण ही एक वस्तू ठरते, आणि वादाची अडचण नेमकी इथूनच सुरू होते.

टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. तुकारामांच्या मार्गाने आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची भूमिका होती. वारकरी जसा विठ्ठलाला माउली म्हणतो, तसे त्यांनी ख्रिस्ताला गुरू व माउली या नात्यांनी आळविले. या परिभाषेत तारण ही मिळवण्याची वा हरवण्याची वस्तू राहत नाही; ते नाते होते. मूल घर सोडून जाऊ शकते, ही त्याची स्वेच्छा. मूल गेले तरी आईचे आईपण संपत नाही, ही कृपा. लूकच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताचा आशयही हाच आहे. पुत्र दूर देशी जातो, पण बाप त्याची वाट पाहणे सोडत नाही.

ही चर्चा त्या काळी केवळ पुस्तकी नव्हती. १८४३ च्या श्रीपत शेषाद्री प्रकरणात मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे, असा आग्रह बाळशास्त्री जांभेकरांनी धरला आणि त्याला मोठा विरोध झाला. गेलेल्याला परत येता येते काय, हा प्रश्न दोन्ही समाजांपुढे होता. टिळकांच्या घरातही स्वेच्छेची कसोटी लागली. पतीच्या धर्मांतरानंतर लक्ष्मीबाई काही वर्षे दुरावल्या. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये, स्वतःच्या मनाचा कौल मिळाल्यावर. ‘स्मृतिचित्रे’चे मोल वाढते ते या विलंबाच्या प्रामाणिक चित्रणामुळे.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना सामावणारा ‘देवाचा दरबार’ स्थापण्याचा संकल्प केला. तारण म्हणजे संस्थेतील स्थान असे मानले, तर हे पाऊल ढळणे ठरेल. तारण म्हणजे नाते असे मानले, तर ते त्या नात्याचेच पुढचे पाऊल होय. टिळकांच्या भक्तिकवितेची संगती दुसऱ्या अर्थानेच लागते.

अर्थात माउलीच्या प्रतिमेने इब्री पत्रातील इशारा रद्द होत नाही. परत न येण्याचे स्वातंत्र्यही मुलाला असतेच, आणि तेथे काव्याने सिद्धान्ताचे काम करावे अशी अपेक्षा गैर आहे. तथापि कृपा आणि स्वेच्छा यांपैकी एकीचा बळी न देता दोहोंविषयी बोलता येईल अशी भाषा मराठी संतपरंपरेत उपलब्ध होती, आणि टिळकांनी ती ख्रिस्ती अनुभवासाठी वापरली. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा अभ्यास करताना त्याकडे केवळ धर्मप्रसाराचे साधन म्हणून पाहण्यापूर्वी हे योगदान तपासले पाहिजे.