निळ्या खडूचा डाग आणि हिरवे टेबल

मैत्रिणींनो, घरातली किती गुपितं धुण्याच्या बादलीतून बाहेर येतात, हे तुम्हांला मी सांगायला नको. आमच्या धाकट्याच्या पँटच्या खिशात मला एके दिवशी निळी पूड सापडली. शर्टाच्या बाहीलाही तोच डाग. आधी वाटलं, कॉलेजातल्या प्रयोगशाळेतलं काहीतरी असेल. पण आठवड्यातून तीनदा? शेवटी थोरल्यानंच फोड केली. "आई, तो पूलला जातो. स्टेशनरीच्या दुकानावर आहे ना, तिथं."

माझ्या पोटात गोळाच आला. काळ्या काचेचं दार, जिन्यात उभी राहिलेली पोरं, रात्री उशिरापर्यंत चालणारा खटाखट आवाज! ते दुकान बंद करावं म्हणून आमच्या सोसायटीनं नगरपालिकेला अर्ज केला होता आणि त्यावर तिसरी सही माझीच होती.

तुमच्याही गावात असं एखादं दार असेल. तुम्हीही त्याच्यासमोरून पदर सावरून, पाय उचलून गेला असाल. म्हणूनच त्या दाराच्या आत मी काय पाहिलं, आणि त्यानंतर या खेळाविषयी काय काय वाचलं, ते तुम्हांला सांगावंसं वाटतं.

दाराच्या आत

एका दुपारी जाऊबाईंना बरोबर घेतलं आणि सरळ जिना चढले. वाटलं होतं, धुराचा लोट येईल, पत्ते दिसतील. आत चक्क एक साठी उलटलेले गृहस्थ इस्त्री करत होते. कशाला म्हणाल? टेबलाला!

अगदी खरं सांगते. या टेबलावर जे हिरवं कापड असतं ते लोकरीचं. त्याला मखमलीसारखी लव असते. आधी ब्रशनं एकाच दिशेनं झाडायचं, मग त्याच दिशेनं कोमट इस्त्री फिरवायची. उलट हात फिरवला, तर लव उभी राहते आणि चेंडू वाट सोडतो. आपण ठेवणीतल्या शालूला इतकं जपत नसू!

पोरं त्यांना मामा म्हणतात. तरुणपणी ते एका मोठ्या क्लबात मार्कर होते. मार्कर म्हणजे गुण मांडणारा, टेबलाची निगा राखणारा, आणि साहेबांना जोडीदार नसला तर त्यांच्याशी खेळणारा माणूस. "बसा ताई," म्हणाले, "पावसाळ्यात कापड ओल धरतं, मग चेंडू सुस्तावतो. म्हणून इस्त्री." कापडाखाली काय असतं, तेही त्यांनी सांगितलं. पाटीचा दगड! ज्या दगडाच्या पाटीवर आपण बाराखडी गिरवली, त्याच जातीच्या दगडाच्या जाड लाद्या असतात. म्हणून बारा फूट लांब नि सहा फूट रुंद असं स्नूकरचं मोठं टेबल हलवायचं म्हणजे लग्नघर हलवण्यासारखं. पूलचं टेबल त्याहून लहान, नऊ फुटी किंवा त्याहीपेक्षा छोटं. म्हणून तर ते दुकानाच्या गाळ्यात मावतं.

हा खेळ आपल्याकडचाच!

तुम्ही म्हणाल, साहेबांचा खेळ, आपल्याला त्याचं काय? मलाही तसंच वाटत होतं. पण स्नूकर जन्मला तो आपल्या जबलपुरात. १८७५ साली पावसाळ्यात छावणीतले इंग्रज अधिकारी कंटाळून बसलेले. त्यांच्यातल्या नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं जुन्या खेळात आणखी रंगीत चेंडू मिसळले आणि नवा खेळ निघाला. (पुढे पंतप्रधान झालेले चेंबरलेन ते हे नव्हेत.) लष्करी शाळेतल्या नवशिक्यांना चिडवून ‘स्नूकर’ म्हणत. तेच नाव खेळाला चिकटलं. नियम नीट लिहून भिंतीवर लागले ते उटीच्या क्लबात.

पुढं हे टेबल क्लबाक्लबांतून गेलं. मात्र त्या खोल्यांत बऱ्याच ठिकाणी आपल्या माणसाला जागा होती ती मार्कर म्हणूनच. आणि बायकांना? त्यांना तर तेवढीही नाही!

तरीही कौतुक पाहा. पुण्यात १९२२ साली जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कलकत्त्याला बिलियर्ड्सचं हौशी जगज्जेतेपद जिंकलं. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातला पहिला जगज्जेता मिळाला तो हा. क्रिकेटमध्ये नाही, टेनिसमध्ये नाही, या हिरव्या टेबलावर! १९६४ साली न्यूझीलंडमध्ये त्यांनी तो मान पुन्हा मिळवला, आणि राष्ट्रीय अजिंक्यपद बारा वेळा. १९७३ ची जागतिक स्पर्धा तर मुंबईतच झाली. ती श्रीलंकेच्या लाफिर यांनी जिंकली.

मग मुंबईचे मायकेल फरेरा. १९७७, १९८१ आणि १९८३ असे तीनदा हौशी जगज्जेते. १९८१ साली सरकारनं पद्मश्री देऊ केली, तर ती त्यांनी नाकारली. म्हणाले, क्रिकेटपटू गावसकरांना पद्मभूषण दिलंत, मग मलाच कमी का? १९८३ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. १९८४ साली ओम अग्रवाल स्नूकरमध्ये हौशी जगज्जेते झाले, १९८५ मध्ये गीत सेठी बिलियर्ड्समध्ये. १९९८ च्या बँकॉक आशियाई खेळांत हे खेळ पहिल्यांदा आले, तेव्हा बिलियर्ड्सचं सुवर्ण अशोक शांडिल्य यांना आणि रौप्य गीत सेठींना. दोघांनी मिळून जोडीचं सुवर्णही आणलं. एवढं सगळं घडलं, पण आपल्यापैकी कितीजणींनी ते वाचलं असेल?

मग नाव बदनाम का?

याचं उत्तर ‘पूल’ या शब्दातच आहे. पूल म्हणजे सर्वांनी मिळून टाकलेली पैशांची रक्कम. अमेरिकेत पूर्वी घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावायचे अड्डे होते, त्यांना पूलरूम म्हणत. दोन शर्यतींच्या मधे गिऱ्हाईक निघून जाऊ नये म्हणून मालकांनी तिथं ही टेबलं मांडली. जुगार घोड्यांवरचा, नाव मात्र टेबलाचं खराब झालं. पुढं टेबलावरही पैजा लागू लागल्या, हे खोटं नाही.

तिथंही या खेळानं चढउतार पाहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर पूलच्या जागा ओस पडू लागल्या. १९६१ साली पॉल न्यूमनचा ‘द हसलर’ चित्रपट आला आणि पुन्हा गर्दी उसळली. मग परत ओहोटी. १९८६ मध्ये त्याच नटाचा ‘द कलर ऑफ मनी’ आला आणि परत भरती!

आणखी एक गंमत तुमच्या-माझ्यासाठी. पूर्वी हे चेंडू हस्तिदंताचे असत. एका सुळ्यातून चांगले चेंडू निघायचे ते जेमतेम चार-पाच. तेव्हा अमेरिकेतल्या एका टेबल बनवणाऱ्या कंपनीनं हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्याला दहा हजार डॉलरचं बक्षीस जाहीर केलं. त्या खटपटीतून जॉन हायट यांचा सेल्युलॉइडचा धंदा उभा राहिला. आपल्या आज्यांच्या फण्या, केसांच्या पिना, लहानपणीच्या बाहुल्या, सगळं सेल्युलॉइडचं! म्हणजे या खेळाचा धागा आपल्या फणीकरंड्यापर्यंत आलेला आहे.

आज काय दशा आहे?

आपल्याकडं १९९० नंतर पार्लरं निघाली. तासाला पैसे भरले की कुणीही खेळू शकतो. क्लबाची ओळख नको, सभासदत्व नको. क्लबाबाहेरच्या पोराला त्यामुळंच या टेबलाला हात लावता आला. आता मात्र जागेचं भाडं वाढलं. पोरांच्या हातात मोबाइल आला आणि त्यात फुकटचा पूल! २०२० च्या टाळेबंदीत महिनोन्‌महिने कुलूप लागलं. आमच्या गावच्या या पार्लरात पाच टेबलं होती, आता दोन राहिली आहेत. "काकू, तीन विकली," मालक म्हणाला. "दगडाच्या लाद्यासुद्धा कुणी धड किमतीला घेईना."

वरच्या पातळीवरही तेच. २०१० नंतर आशियाई खेळांतून हे खेळ वगळले गेले. ऑलिंपिकमध्ये ते नाहीतच. ज्या खेळाला पदक नाही त्याला नोकरी कोण देणार, हा आईबापांचा प्रश्न चुकीचा नाही. आता २०३० च्या दोहा आशियाई खेळांत ते परत घ्यायचं ठरलं आहे. तेवढाच एक आशेचा किरण.

पण पंकज अडवाणीचं उदाहरण विसरू नका. त्याचा जन्मही पुण्याचाच, १९८५ चा. वडील लहानपणी गेले. आईनं दोन मुलांना बंगळूरमध्ये वाढवलं. थोरल्या भावाचं बोट धरून तो दहाव्या वर्षी स्नूकर पार्लरात गेला. २००६ आणि २०१० ची आशियाई सुवर्णपदकं त्याची, आणि २०२४ अखेरपर्यंत जगज्जेतेपदं किती? अठ्ठावीस! त्या माउलीनं पार्लर म्हटल्यावर दार लावून घेतलं असतं तर?

आणि मुलीही मागं नाहीत. २०१३ साली आयर्लंडमध्ये भारतीय महिला संघानं सांघिक जगज्जेतेपद मिळवलं, त्यात पुण्याची अरांचा सांचिस होती. २०२५ मध्ये चेन्नईच्या अनुपमा रामचंद्रननं स्नूकरचं जागतिक अजिंक्यपद जिंकलं. ज्या खोलीत बायकांना पाऊल टाकायची बंदी होती, तिथून या निघाल्या.

मुलगा जातो म्हणाला तर

म्हणजे डोळे मिटून पाठवा, असं मी म्हणत नाही. सगळीच पार्लरं चांगली नसतात. मी शिकले ते सांगते:

एकदा स्वतः जाऊन या, आणि तेही न सांगता. पाच मिनिटांत जागेचा वास कळतो. आत सिगारेट चालते का, हे पाहा. चांगला मालक कापडाला जपतो, आणि कापडाला जपणारा निखारा जवळ येऊ देत नाही.

‘हरेल त्यानं टेबलाचे पैसे द्यायचे’ ही रीत सगळीकडं आहे. साधी दिसते, पण पैजेची पहिली पायरी तीच. पैसे वाटून भरायचे, असं मुलाला बजावा.

तास ठरवून द्या आणि पैसे मोजून द्या. परीक्षेच्या काळात काठी कपाटावर.

शिकवणारं कुणी आहे का, हे विचारा. नुसते चेंडू ढकलणं आणि शिकणं यांत फरक आहे.

आणि तो निळा डाग! काठीच्या टोकाला लावायचा तो खडू शाळेतला नव्हे, त्यात खरखरीत पूड आणि रंग असतो. कपडा आधी ओला करू नका, रंग पसरतो. कोरडाच झटका, मऊ ब्रशनं झाडा, मग थंड पाण्यात साबण लावून चोळा.

माझी सही

त्या दुपारनंतर मी सोसायटीच्या अध्यक्षांकडं जाऊन माझी सही मागं घेतली. शेजारच्या वहिनी महिनाभर बोलल्या नाहीत. हे म्हणाले, "उद्या पोरगं बिघडलं तर कुणाच्या नावानं रडशील?" खरंच, उत्तर नव्हतं माझ्याकडं. मालकाला मात्र मी चार गोष्टी स्पष्ट सांगितल्या. दाराची काळी काच काढा, जिन्यात कुणी उभं राहू देऊ नका, रात्री दहाला कुलूप लावा, आणि दुपारचे दोन तास मुलींसाठी ठेवा. त्यानं पहिल्या तिन्ही लगेच मानल्या. चौथीला हसला, पण ठेवले. पाचजणी आल्या, एक टिकली. आमच्याच गल्लीतली, अकरावीतली. मामा तिला शिकवतात.

दिवाळीनंतर तिथं छोटीशी स्पर्धा झाली. आमचा धाकटा दुसऱ्याच फेरीत हरला. घरी येऊन जेवला नाही. मी समजूत काढायला गेले, तर म्हणाला, "आई, मामा म्हणतात, पाडव्याला भाडेकरार संपतोय. मालक पुन्हा घेईलसं वाटत नाही." माझं पोर हरलं म्हणून रुसलं नव्हतं, जागा जाईल म्हणून कासावीस झालं होतं.

गाळ्याला एका क्लासवाल्यानं मागणी घातली आहे. भाडं दीडपट देतो म्हणे. मालकाचंही चुकतं असं नाही, त्याला दोन लेकरं आहेत. मामा मात्र अजून रोज सकाळी इस्त्री तापवतात.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात असं दार असेल, तर एकदा आत डोकावून या. वाईट दिसलं तर अर्जावर बेलाशक सही करा. पण पाहून करा. माझ्यासारखी न पाहता करू नका.